शेरा नसलेलं घर

रविवारची ती फेरी नकाशाबाईंकडे आली, ती मास्तरांचे गुडघे गेले म्हणून. नाहीतर अठरा वर्षं मास्तरांनी तिला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नव्हता. दुपारी साडेचारला स्टेशनच्या घड्याळाखाली जमायचं, तिथून हमरस्त्यानं चालत नदीच्या पुलापर्यंत जायचं, आणि वाटेत थांबत थांबत हे शहर आधी कसं होतं, ते पाडून पुन्हा कसं बांधलं, हे आलेल्या लोकांना सांगायचं. काम एवढंच.

नकाशाबाई म्हणजे नगरपालिकेच्या नकाशाघरात एकतीस वर्षं काढलेल्या बाई. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलेलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी अंबाड्यात पेन्सिल खोवल्याशिवाय त्या घराबाहेर पडत नसत. एकट्या राहायच्या, शिस्तीत राहायच्या, आणि हाती घेतलेलं काम अर्धवट सोडणं त्यांना मरणाहून वाईट वाटायचं.

फेरीत सांगायची हकीकत त्यांना तोंडपाठ होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथे हमरस्ता नव्हताच. होत्या त्या नुसत्या गल्ल्या, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला पाठ लावावी अशा. मग एका उन्हाळ्यात साथ आली. माणसं पटापट गेली. साथ ओसरल्यावर नगरपालिकेनं बाहेरून एक इंजिनिअर आणवला. त्यानं टेबलावर नकाशा पसरला, पट्टीचं एक टोक स्टेशनावर ठेवलं, दुसरं पुलावर, आणि एक सरळ रेघ मारली. रेघेखाली जे जे आलं ते सगळं पाडलं. आठशे घरं. त्यावर हा रुंद रस्ता झाला, दोन्ही अंगांना एकसारख्या चार मजली इमारती झाल्या, ओळीनं दिवे लागले, आणि मधोमध कारंज्याचा चौक आला. लोक फोटो काढतात तो.

मास्तर ही गोष्ट छान रंगवायचे. पण बाईंना वाटे, यात इंजिनिअर आहे, पट्टी आहे, कारंजं आहे, आणि ज्यांची घरं गेली ती माणसं मात्र कुठेच नाहीत. म्हणून त्यांनी जुन्या दप्तरखान्यात जाऊन आठ दिवस धूळ खाल्ली आणि एक यादी शोधून काढली. पाडायच्या घरांची यादी. तिच्यात नावं नव्हती. नावं लिहिण्याइतकी फुरसत कारकुनाला नसावी. घरात कोण, खोल्या किती, माणसं किती, आणि शेवटच्या रकान्यात शेरा: रिकामे केले. पानामागून पानं तोच शेरा. चौकाच्या जागी जी गल्ली होती तिचं एक पान बाईंनी पेन्सिलीनं उतरवून घेतलं, जसंच्या तसं.

मास्तरांना दाखवलं तेव्हा ते खुर्चीत नीट सावरून बसले.

"ही मीही पाहिलीय," ते म्हणाले. "घरी वाच. चौकात उभं राहून मोठ्यानं वाचू नकोस."

"का हो?"

"लोक कंटाळतात."

एवढं बोलून ते गुडघ्याला तेल चोळू लागले. बाईंना वाटलं, म्हातारा आपल्या फेरीत दुसऱ्यानं भर घातलेली सहन करत नाही. होतं असं कधीकधी.

त्या रविवारी त्यांच्याबरोबर अक्का होती. अक्का म्हणजे बाईंची थोरली बहीण. चार महिन्यांपूर्वी तिचे यजमान गेले होते. बत्तीस वर्षांचं भाड्याचं घर सोडावं लागलं आणि मुलीनं तिला आपल्याकडे सातव्या मजल्यावर नेलं. मुलगी प्रेमाची, जावई भला, पण अक्काची गादी बैठकीच्या खोलीत. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून गुंडाळायची, रात्री सगळे झोपायला गेल्यावर पसरायची. "मी म्हणजे घरातलं टेबल झालेय धाकटे," ती हसत हसत म्हणायची. "कोणी आलं की जरा सरकवतात." दोन आठवडे हवापालट म्हणून ती बाईंकडे आली होती. जीभ मात्र पहिल्यासारखीच चालू होती. स्टेशनच्या घड्याळाखाली जमलेल्या लोकांकडे बघून तिनं बहिणीच्या कानात विचारलं, "हे सगळे पायी चालायला आलेत? आपणहून? घरी चालायला जागा नाही का यांना?"

अक्काला धरून नऊ जण होते. गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक टोपीवाले गृहस्थ, एक शिक्षक आणि त्यांची बायको, आणि एका बँकेतल्या पाच मैत्रिणी. बाईंनी सवयीनं माणसं मोजली आणि निघाल्या.

थंडीचे दिवस होते. सव्वापाचलाच ऊन इमारतींच्या माथ्यावर गेलं आणि रस्त्यावर ती राखाडी सावली उतरली, जिच्यात माणसांचे चेहरे जवळून दिसतात पण लांबून ओळखू येत नाहीत. कारंज्याच्या चौकात पोचेपर्यंत दिवे लागायची वेळ झाली होती. मोटारी, बसगाड्या, सायकलच्या घंट्या, सगळा नेहमीचा कल्ला चालू होता. बाईंनी सगळ्यांना कारंज्याच्या पूर्वेला, एका दिव्याच्या खांबापाशी उभं केलं आणि पर्समधून कागद काढला.

"आपण आत्ता उभे आहोत ना, तिथे एक गल्ली होती," त्या म्हणाल्या. "या तिच्यातल्या घरांच्या नोंदी आहेत. वाचते."

अक्का त्यांच्या डाव्या हाताला, अगदी खेटून उभी होती.

"मेणबत्त्या करणारा. दोन खोल्या. माणसं पाच. रिकामे केले."

"ओ," मागून कोणीतरी म्हणालं.

बँकेतल्या मैत्रिणी खिदळल्या. बाईंनी टोपीवाल्यांकडे पाहिलं. ते चटकन म्हणाले, "मी नाही हो बाई."

"घड्याळजी. एक खोली, वर माळा. माणसं तीन. रिकामे केले."

"ओ." हा आवाज उजवीकडून आला. आणि खालून. तळघराच्या खिडकीतून कोणी ओ द्यावी तसा. तिथे तर सरळ सपाट रस्ता होता.

यावेळी फारसं कोणी हसलं नाही. शिक्षकांच्या बायकोनं नवऱ्याचा दंड धरला. बाईंच्या लक्षात आलं की मोटारींचा आवाज कमी झालाय. मोटारी जाताना दिसत होत्या, पण काचेपलीकडून जाव्यात तशा. आणि वास येत होता. ओल्या चुन्याचा, जुन्या धुराचा, बंद खोलीचा.

तिथेच कागद घडी करून ठेवायला हवा होता. हे बाईंनाही कळत होतं. पण पानावर तीनच ओळी उरल्या होत्या, आणि हात कागद मिटायला तयार होईना.

"दोरवाले… सख्खे भाऊ. तीन खोल्या. माणसं अकरा. रिकामे केले."

ओ. ओ. ओ… एकामागून एक. म्हातारे, बायका, एक अगदी तान्ह्या मुलासारखा हुंकार. मैत्रिणी एकमेकींना चिकटल्या. कोणीतरी पुटपुटलं, "स्पीकर लावलाय बहुतेक."

"काच बसवणारा. एक खोली. माणसं दोन. रिकामे केले."

"ओ."

शेवटची ओळ. उतरवून घेताना बाईंना वाटलं होतं की शाई पुसली असेल, म्हणून त्यांनी भिंगानं दोनदा पाहिलं होतं. तिच्यापुढचा रकाना कोरा होता.

"विधवा," त्यांनी वाचलं. "एक खोली. माणसं एक."

कोणी ओ दिली नाही. चौक असा गप्प झाला, जणू सगळेच कान देऊन होते. कारंज्याचं पाणीसुद्धा वाजेनासं झालं.

आणि मग त्यांच्या डाव्या हाताशी अक्का म्हणाली, "ओ."

घाबरून नाही, गमतीनंही नाही. अगदी सहज. चार महिने ती एका खिडकीसमोरून दुसऱ्या खिडकीसमोर उभी राहत होती. पेन्शनची, रेशनची, बँकेची. प्रत्येक खिडकीतून तोच 'विधवा' शब्द यायचा आणि ती ओ द्यायची. तशीच आताही दिली.

बाईंनी वळून पाहिलं तर शेजारी अक्का नव्हती.

दिव्याचा खांब आणि कारंज्याचा कठडा यांच्यामध्ये आठ-दहा पावलांची मोकळी जागा होती. तिथे आता एक गल्ली उघडली होती. दोन हात रुंद. दोन्हीकडे ओलसर भिंती. तिच्या तोंडाशीच एक बुटकं दार, दारावर चुन्याची पांढरी फुली, आणि अक्का, उंचपुरी अक्का, मान वाकवून त्या दारातून आत जात होती. तिच्या निळ्या लुगड्याचा काठ उंबऱ्यावरून सरकत गेला.

"अक्का!"

बाई धावल्या. दारापाशी पोचल्या आणि थबकल्या. उंबऱ्याच्या पलीकडे नुसता काळोख. पण त्या काळोखात कोणीतरी बोलत होतं. दोन बायका, हळू आवाजात, शेजारणी बोलतात तशा.

"बस की. पाय दुखले असतील."

"दुखले तर आहेतच गं."

"इथे कोणी उठवत नाही. हवं तेवढं बस."

"अक्का, बाहेर ये," बाई म्हणाल्या. "अगं, आपली फेरी चाललीय…"

"जा तू पुढे," अक्का आतून म्हणाली. किती दिवसांनी तिचा आवाज असा सैल, निवांत ऐकू येत होता. "मला इथे बरं वाटतंय, धाकटे. स्वतःची खोली आहे."

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला तेव्हा ठोके सुरू झाले. पहारीचे. एक भिंत पडली, मग दुसरी. मेणबत्तीवाला, घड्याळजी… बाईंना यादीचा क्रम पाठ होता. धूळ गल्लीतून पुढे सरकत येत होती. पायाखालची जमीन हादरत होती.

"भिंती पाडतायत, अक्का! ऊठ!"

"घाबरू नका हो बाई," ती दुसरी म्हणाली. आवाज गोड होता, थोडा घोगरा, फार दिवस न वापरलेला. "हे घर नाही पाडत. शेरा लिहिलेला नाही अजून. शेऱ्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही."

आणि खरंच ठोके शेजारच्या भिंतीपर्यंत येऊन थांबले. पलीकडे माणसं वाट बघत उभी असल्यासारखी शांतता. बाईंना एका क्षणात कळून चुकलं. ती कोरी जागा. सव्वाशे वर्षं ही बाई त्या कोऱ्या जागेत बसून होती. आता तिथे अक्काही बसणार होती. कायमची.

त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल ओढली. कागद दाराच्या चौकटीवर धरला. अक्षर सवयीनं नीट आलं. रिकामे केले. मग एकतीस वर्षं नकाशाघरात ज्या आवाजात नोंदी वाचून दाखवल्या, त्याच आवाजात त्यांनी ते वाचलं.

"विधवा. एक खोली. माणसं एक. रिकामे केले."

आतलं बोलणं तुटलं.

"पण मी आत आहे ना गं…"

कोण म्हणालं ते बाईंना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. दोघी एकदम म्हणाल्या असतील. पहारीचा पहिला घाव भिंतीवर बसला, माथ्यावरून चुन्याचा लोट आला, आणि बाईंनी डोळे मिटून काळोखात हात घातला. आत एक हात चाचपडत होता. थंड, पिठूळ. त्यानं बाईंचा हात असा घट्ट धरला की बोटांची हाडं कळवळली. बाईंनी सगळं बळ लावून ओढलं.

"रिकामे केले… बरं, मग पुढे?" टोपीवाले विचारत होते.

दिवे लागले होते. बसगाड्यांचे भोंगे वाजत होते. कारंज्याचं पाणी उडत होतं. बाई खांबापाशी, होत्या तिथेच उभ्या होत्या. कागद हातात, आणि दुसऱ्या हातात अक्काचा हात. अक्काच्या केसांवर, भुवयांवर, निळ्या लुगड्याच्या खांद्यावर पांढरी भुकटी होती. कारंज्याच्या कठड्याचा रंग लागला असेल, असं शिक्षकांची बायको म्हणाली.

बाईंनी माणसं मोजली. नऊ. पुन्हा मोजली. नऊच.

"अक्का… बरी आहेस ना?"

अक्का मान वर करून इमारतींकडे बघत होती. चारही मजले, एकेक खिडकी, मग दिवे, मग आकाश. बघता बघता तिचे डोळे भरून आले.

"केवढं मोठं झालंय," ती म्हणाली. मग भानावर आल्यासारखी म्हणाली, "चला. घरी जाऊ."

फेरी पुलापर्यंत गेली नाही. घरी आल्यावर अक्का दोन दिवस झोपून होती. तिसऱ्या दिवशी उठली, तेव्हा बोलणं अगदी कमी झालं होतं. विचारलं तेवढंच उत्तर. टिंगल नाही, टोमणा नाही. डॉक्टर म्हणाले, दुःख असं उशिरा उतरतं, वेळ द्या. बाई एक दिवस तिच्याजवळ वाट बघत बसल्या होत्या, की आता ही मला धाकटे म्हणेल. तिनं काही म्हटलं नाही. नुसतं "अहो" म्हणून ताट मागितलं. आठवडाअखेर मुलगी येऊन तिला घेऊन गेली.

बाई मास्तरांकडे गेल्या. सगळं सांगितलं. शेवटी मास्तरांनी एवढंच विचारलं, "माणसं मोजलीस?"

"मोजली. नऊ होती, नऊच भरली."

मास्तरांनी गुडघे चोळायचं थांबवलं.

"मीही एकदा वाचली होती ती यादी. दुसरं पान," ते म्हणाले. "एकानं गमतीनं ओ दिली. माझीही माणसं बरोबर भरली होती. तेरा गेली, तेरा आली. म्हणून मी कोणाला काही बोललो नाही…" त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. "त्याची बायको सहा महिने माझ्याकडे येत होती. काय विचारायची, ते नको विचारूस."

बाईंनी फेरी सोडली. यादीचा कागद जाळला. पुढचे दोन महिने त्या हमरस्त्यावरून गेल्याच नाहीत. लांबची वाट धरायच्या. मनाला सांगायच्या, अक्का जिवंत आहे, मुलीजवळ आहे, बस झालं.

मग एका दुपारी भाचीचा फोन आला. नेहमीची विचारपूस झाली आणि ती थांबली.

"मावशी, आईला शिवण कधीपासून येतं गं?"

बाई हसल्या. अक्का आणि शिवण! लहानपणी हिला सुईत दोरा ओवता येत नसे. संसारभर यजमानांच्या शर्टाची बटणं शेजारीण लावून द्यायची.

"आता शिवते," भाची म्हणाली. "दिवसभर. माझे लहानपणचे जुने फ्रॉक काढलेत, त्यांना काजं करते. इतकी बारीक काजं मी दुकानातसुद्धा बघितली नाहीत. आणि मावशी… डाव्या हातानं करते."

अक्का तर जन्माची उजव्या हाताची.

"खूश आहे पण," भाची घाईनं म्हणाली. "तसं काळजीचं काही नाही. आम्ही तिला आतली छोटी खोली रिकामी करून दिली, तर रडलीच. फक्त एक आहे. मी 'आई' म्हणून हाक मारली ना, की ती लगेच वळत नाही. आधी मागे बघते, मागे कोणी उभं आहे का ते. मग कळतं तिला, की तिलाच हाक मारलीय." भाचीचा आवाज बारीक झाला. "आणि मग ती जी हसते ना, मावशी… जन्मात पहिल्यांदाच कोणी तिला आई म्हटल्यासारखी हसते."